फ्रेडीचं लंडन बघायचं तर फेल्टमपासून सुरुवात करा

लंडनला येणाऱ्या, क्वीन या रॉक बँडच्या चाहत्यांचा मला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लोगन प्लेसला कसं जायचं?" क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं शेवटचं घर तिथे आहे, तेव्हा प्रश्न साहजिकच आहे. माझं उत्तरही ठरलेलं आहे. लोगन प्लेस दुपारनंतर, सकाळी आधी फेल्टम.

कारण सांगते. लोगन प्लेसला एक उंच विटांची भिंत आहे. घर भिंतीच्या आत, आणि आत जाता येत नाही. लांबून आलेला माणूस थेट तिथे जातो, भिंतीसमोर फोटो काढतो, पाच मिनिटं घुटमळतो आणि खट्टू होऊन परततो. तोच माणूस सकाळी फेल्टममधलं फ्रेडीच्या कुटुंबाचं, म्हणजे बलसारांचं, लहानसं घर बघून, मधलं कॉलेज आणि बाजारपेठ पायाखाली घालून संध्याकाळी त्या भिंतीपाशी पोचला, की अर्धा-अर्धा तास हलत नाही. मी हे माझ्या पाहुण्यांच्या बाबतीत बघत आले आहे. फ्रेडीचं लंडन त्याच्या आयुष्याच्या क्रमानं चाला, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे. बाकी सगळा तपशील.

मी राहते हाउन्स्लोला, म्हणजे फेल्टमच्या शेजारीच. माहेर माझं वाईचं. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलं की सेंट पीटर्स शाळा लागते. झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा, फारुख बलसारा, १९५० च्या दशकात त्या शाळेत शिकत होता. पियानो तिथेच पक्का झाला, 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड तिथेच झाला आणि फारुखचा फ्रेडीही तिथेच झाला. त्यामुळे लंडनमधल्या त्याच्या जागा दाखवताना मला परक्या गावच्या माणसाबद्दल बोलतेय असं कधी वाटत नाही. आमच्या घाटातून गेलेला मुलगा पुढे कुठे कुठे राहिला, ते दाखवते, असंच वाटतं.

निघण्याआधी

एका वहीत किंवा फोनवर जागांची यादी करा आणि प्रत्येक जागेपुढे साल लिहा. सालाशिवाय यादी केली तर दिवसभर शहरभर नुसती धावपळ होते आणि काय कशानंतर आलं याचा पत्ता लागत नाही. मग प्रत्येक जागेला तीनपैकी एक खूण करा. इमारत आहे आणि तिचं कामही तेच आहे, अशी एक. इमारत आहे, पण आत आता वेगळंच काही चालतं, अशी दुसरी. आणि जागा आहे पण इमारतच गेली, अशी तिसरी. या तिसऱ्या खुणेच्या जागांसाठी जुना फोटो फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. समोर काचेचं दुकान दिसत असताना हातात जुना फोटो असेल तरच तिथे उभं राहण्यात अर्थ आहे. कुठल्याही गायकाच्या मागे कुठल्याही शहरात फिरायचं असलं, तरी हीच पद्धत चालते.

गाणीही आधीच उतरवून घ्या, भुयारी रेल्वेत सगळीकडे नेटवर्क मिळेलच असं नाही. रस्त्यावर चालताना एकाच कानात इअरफोन ठेवा. लंडनच्या बस आणि सायकली शांतपणे येतात.

किस्से गोळा कराल तेव्हा जरा गाळून घ्या. फ्रेडीनं राजकुमारी डायनाला पुरुषाच्या वेषात व्हॉक्सहॉलच्या एका पबमध्ये नेलं होतं, ही गोष्ट फार फिरते. ती एका मैत्रिणीच्या आठवणींतून आलेली आहे, तिला दुसरा आधार नाही. मी पाहुण्यांना तिथे नेत नाही. ज्याची तारीख, ध्वनिमुद्रण किंवा पाटी आहे अशाच जागा इतक्या आहेत की दोन दिवस पुरत नाहीत.

महिन्याचं म्हणाल तर ५ सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस आणि २४ नोव्हेंबर स्मृतिदिन. दोन्ही दिवशी लोगन प्लेसला जगभरची माणसं जमतात. नोव्हेंबरात मात्र चार वाजता अंधार पडायला लागतो, तेव्हा बाहेरून बघायच्या जागा आधी उरका. तिकिटासाठी ऑयस्टर कार्ड किंवा संपर्करहित बँक कार्ड पुरतं, फेल्टमसुद्धा त्याच्या हद्दीत येतं.

पहिला दिवस: पश्चिमेकडून शहरात

वॉटर्लू स्टेशनवरून फेल्टमची गाडी पकडा. उतरल्यावर पंधराएक मिनिटं चाललात की ग्लॅडस्टन अव्हेन्यू. २२ नंबरचं घर. दोन मजली, चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगेतलं, समोर टीचभर अंगण. झांझिबारमध्ये १९६४ साली क्रांती झाली, तेव्हा बलसारा कुटुंब जीव मुठीत घेऊन इंग्लंडला आलं आणि पुढे या घरात राहिलं. फ्रेडी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. सुट्टीत हीथ्रो विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम त्यानं केलं. विमानतळ इथून इतका जवळ आहे की उभं असताना डोक्यावरून विमानं जात राहतात.

दर्शनी भिंतीवर इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेची निळी गोल पाटी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ती लावली, अनावरणाला त्याची बहीण कश्मीरा आणि क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे आले होते. पाटी नीट वाचा. मोठ्या अक्षरात फ्रेडी मर्क्युरी, त्याखाली कंसात फ्रेड बलसारा, मग साल, मग गायक आणि गीतकार. मला ते कंसातलं नाव सगळ्यात प्रिय आहे. सरकारी कागदावरचा फारुख नाही, मंचावरचा मर्क्युरीही नाही. या गल्लीत, कॉलेजात, कामावर लोक ज्या नावानं हाक मारत ते हे नाव.

घरात आज दुसरी माणसं राहतात. समोरच्या पदपथावर उभं राहून फोटो काढा, बेल वाजवू नका, अंगणाच्या कठड्यावर बसू नका. आवाज खाली ठेवा. ही साधी वस्ती आहे, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. पाटी पदपथावरून स्वच्छ वाचता येते, आत पाऊल टाकायची गरजच नाही.

ब्रायन मेसुद्धा फेल्टममध्येच वाढला, या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडिलांबरोबर मिळून त्यानं ती प्रसिद्ध गिटार घरीच बनवली, ती इथेच. दोघं एकमेकांच्या इतके जवळ राहत होते आणि ओळख मात्र झाली ती ईलिंगच्या कॉलेजातल्या मित्रामुळे. फेल्टममध्ये २०२० साली एका छोट्या रस्त्याला फ्रेडी मर्क्युरी क्लोज असं नाव दिलं आहे, जागतिक झरथुष्ट्री संघटनेची इमारत तिथेच आहे. वेळ असेल तर नावाची पाटी बघून या.

फेल्टमहून ईलिंगला जायला बहुतेक लोक पुन्हा वॉटर्लूपर्यंत उलटे जातात. तसं करू नका. फेल्टमहून रिचमंडची गाडी घ्या आणि रिचमंडहून ६५ नंबरची बस. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसा. क्यू, ब्रेंटफर्ड, साउथ ईलिंग असं करत ती सेंट मेरीज रोडवर येते, कॉलेजच्या दारात. ट्विकनहॅमला रग्बीचा मोठा सामना असेल त्या दिवशी मात्र हा रेल्वेमार्ग टाळा, डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

तेव्हाचं ईलिंग आर्ट कॉलेज म्हणजे आताचं युनिव्हर्सिटी ऑफ वेस्ट लंडन. फ्रेडीनं इथे ग्राफिक कला शिकून १९६९ मध्ये पदविका घेतली. 'द हू' या रॉक बँडचा पीट टाउनशेंड इथलाच. टिम स्टाफेल नावाचा सहाध्यायी 'स्माइल' या बँडमध्ये गात होता. त्या बँडमध्ये गिटारवर ब्रायन मे आणि ड्रम्सवर रॉजर टेलर. फ्रेडी त्यांच्या मागे मागे फिरायचा, सूचना करायचा. १९७० मध्ये टिम बाहेर पडला आणि फ्रेडी आत आला. नाव क्वीन ठेवलं त्यानंच.

इथे थांबलात की क्वीनचं बोधचिन्ह फोनवर मोठं करून बघा. ते फ्रेडीनं स्वतः काढलं आहे. दोन सिंह, कारण रॉजर आणि बेसवादक जॉन डीकन यांची रास सिंह. वर खेकडा, ब्रायनची कर्क. आणि दोन पऱ्या फ्रेडीच्या कन्या राशीसाठी. मधे क्यू अक्षर, त्यात मुकुट, सगळ्यावर पंख पसरलेला फिनिक्स. गाण्यांत जो थाटमाट पुढे आला, तो आधी त्याच्या पेन्सिलीत होता, हे कॉलेजच्या फाटकापाशी फार चांगलं कळतं.

ईलिंग ब्रॉडवेवरून डिस्ट्रिक्ट लाइन थेट अर्ल्स कोर्टला जाते. तिथे गाडी बदलून एकच स्टेशन पुढे, हाय स्ट्रीट केन्सिंग्टन. आता खरी पायपीट सुरू.

केन्सिंग्टन मार्केट हे तिसऱ्या खुणेचं ठिकाण. हाय स्ट्रीटवर ४९ ते ५३ नंबरला बहुमजली बाजार होता, आत चक्रव्यूहासारखे गाळे, जुने कोट, बूट, दागिने, उदबत्त्यांचा वास. फ्रेडी आणि रॉजरनं इथे गाळा चालवला, आधी कॉलेजच्या मित्रांची चित्रं विकली, मग जुने कपडे. २००० च्या सुमारास बाजार बंद पडला, इमारतही पाडली. म्हणून म्हटलं, जुना फोटो हवा.

त्याच रस्त्यावर डेरी अँड टॉम्स या जुन्या मोठ्या दुकानाची भव्य इमारत मात्र उभी आहे. १९७३ ते १९७५ या काळात तिथे 'बिबा' हे फॅशनचं मोठं दुकान होतं. मेरी ऑस्टिन बिबामध्ये कामाला होती. फ्रेडीची ती आधी प्रेयसी आणि पुढे आयुष्यभराची सगळ्यात जवळची व्यक्ती. दोघांनी या केन्सिंग्टनमध्येच छोट्या भाड्याच्या जागांत संसार थाटला होता. इमारतीचं बाहेरचं कोरीवकाम मान वर करून बघा, बहुतेक लोक खालच्या दुकानांकडे बघत निघून जातात.

हाय स्ट्रीटच्या उत्तरेला वळलात की स्टॅफर्ड टेरेस. १२ नंबरच्या घरात फ्रेडी लोगन प्लेसच्या घरात, म्हणजे गार्डन लॉजमध्ये, राहायला जाण्याआधी राहत होता. पाटी नाही, खूण नाही, दारावर कुणाचं तरी खासगी नाव. पण याच रांगेत १८ नंबरला सँबर्न हाउस हे संग्रहालय आहे. 'पंच' साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिनली सँबर्न यांचं व्हिक्टोरियन घर, सामानासकट जसंच्या तसं ठेवलेलं. तिकीट काढून आत जा. एकाच रांगेतली घरं असल्यामुळे जिना, खिडक्या, खोल्यांची मांडणी यांचा अंदाज येतो. भिंतीला भिंत लावून टांगलेली चित्रं, कोपऱ्याकोपऱ्यात चिनी मातीची भांडी, रंगीत काचा. फ्रेडीलाही जपानी चित्रं, काचसामान, जुनं फर्निचर यांचं वेड होतं. त्याचं घर बघता येत नाही, पण तो कशा घरांच्या सहवासात राहत होता ते इथे बघता येतं. माझ्या मते पहिल्या दिवसातली ही सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात समाधान देणारी जागा. संग्रहालय रोज उघडं नसतं, तेव्हा दिवस आधी बघून घ्या.

लोगन प्लेस

हाय स्ट्रीटवरून दक्षिणेला अर्ल्स कोर्ट रोड धरला की क्रॉमवेल रोड लागण्याच्या अलीकडे उजवीकडे लोगन प्लेस. एक नंबर, गार्डन लॉज. १९०८-०९ मध्ये चित्रकार सेसिल रे आणि त्यांची शिल्पकार पत्नी कॉन्स्टन्स हॅल्फर्ड यांच्यासाठी हे घर बांधलं. चित्रशाळेसाठी मुद्दाम उंच छताची खोली केलेली. फ्रेडीनं ते १९८० मध्ये घेतलं, दुरुस्त्या करून १९८० च्या दशकाच्या मध्याला राहायला आला आणि २४ नोव्हेंबर १९९१ च्या संध्याकाळी इथेच गेला. आपल्याला एड्स झाल्याचं त्यानं आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

माझा भाचा आला होता, बारावीनंतरच्या सुट्टीत. त्या दिवशी तो उशिरा उठला, म्हणून फेल्टम दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि थेट इथे आलो. भिंतीकडे बघून म्हणाला, "मावशी, इथे तर काहीच नाही गं." मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी फेल्टम, ईलिंग, केन्सिंग्टन झाल्यावर म्हणाला, "मावशी, परत जाऊया का त्या भिंतीकडे?" गेलो. या वेळी तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहून भिंतीची लांबी पावलांनी मोजत होता आणि सांगत होता, फेल्टमच्या घरापुढचं अंगण हिच्या कितव्या हिश्शात बसेल ते.

इथल्या हिरव्या दाराबद्दल थोडं. बागेचं एक दार वर्षानुवर्षं चाहत्यांनी लिहून, कोरून भरवलं होतं. ते दार आता इथे नाही. मेरी ऑस्टिननं २०२३ मध्ये घरातल्या फ्रेडीच्या वस्तू लिलावात काढल्या, त्यात दारही होतं, आणि ते चार लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. त्याच लिलावात बोहेमियन रॅप्सडी या क्वीनच्या गाजलेल्या गाण्याच्या हस्तलिखितावर 'मंगोलियन रॅप्सडी' असं आधीचं, खोडलेलं नाव लोकांनी पाहिलं. तो कागद एका विमान कंपनीच्या कॅलेंडरचा होता. २०२४ मध्ये घरही विक्रीला निघालं. तेव्हा जुन्या लेखांत वाचून दारावर सही करायची आस धरून येऊ नका, आणि भिंतीवर तर मुळीच लिहू नका. शेजाऱ्यांनी तीसहून जास्त वर्षं गर्दी सोसली आहे. फुलं ठेवायची असतील तर त्यांचं प्लास्टिक काढून सोबत न्या, पावसात तेच उरतं आणि गल्लीभर उडतं. मोठ्यानं गाणं लावू नका. मनात म्हणा, किंवा हळू.

अजून त्राण असेल तर अर्ल्स कोर्टहून हॅमरस्मिथ. तेव्हाचं ओडियन, आताचं अपोलो, १९३२ चं थिएटर, आजही तिथे कार्यक्रम होतात. २४ डिसेंबर १९७५ ला क्वीननं इथे केलेला कार्यक्रम बीबीसीनं दूरचित्रवाणीवर आणि रेडिओवर थेट दाखवला-ऐकवला. बोहेमियन रॅप्सडी त्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर होतं. त्याचं ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं आहे, ते बाहेरच्या पायऱ्यांपाशी ऐका. तिथल्या कुठल्याही कार्यक्रमाचं तिकीट मिळालं तर काढा, गायक कोण याला महत्त्व देऊ नका. आत बसून सभागृहाचा आकार कळणं हेच मोलाचं आहे.

दुसरा दिवस: आवाजाच्या जागा

दुसऱ्या दिवशी घरं नाहीत, गाणं आहे. सकाळी साउथ केन्सिंग्टनला उतरून इम्पीरियल कॉलेज. ब्रायन इथे भौतिकशास्त्र शिकत होता. गाण्यापायी अर्धवट सोडलेली पीएचडी त्यानं २००७ मध्ये इथेच पूर्ण केली. १८ जुलै १९७० ला क्वीन नावानं लंडनमधला त्यांचा पहिला कार्यक्रम याच कॉलेजात झाला. अल्बर्ट हॉलला वळसा घालून उत्तरेला गेलात की हाइड पार्क. १८ सप्टेंबर १९७६ चा मोफत कार्यक्रम इथला. गर्दी दीड लाखाच्या पुढे गेल्याचे अंदाज आहेत. वेळ संपल्यामुळे पोलिसांनी शेवटचं जादा गाणं होऊ दिलं नाही. हिरवळीवर बसून डबा खायला ही उत्तम जागा.

मग सोहो. वॉर्डर स्ट्रीट आणि डीन स्ट्रीट यांना जोडणारी सेंट अ‍ॅन्स कोर्ट ही बोळ, दोन माणसं हात पसरून चालली तर तिसऱ्याला वाट मिळणार नाही एवढी. ट्रायडंट स्टुडिओ इथे होता. क्वीनकडे पैसे नव्हते, म्हणून दुसरी मंडळी ध्वनिमुद्रण करून गेल्यावर जो वेळ रिकामा राही, तो त्यांना मिळे. कधी मध्यरात्री, कधी पहाटे. १९७३ चा पहिला अल्बम असा तुकड्यातुकड्यांनी झाला. बोळीत एका बाजूला उभं राहून त्यातलं पहिलंच गाणं लावा. पाटी आहे ती गायक डेव्हिड बोवीची, त्यानंही इथे गाऊन घेतलं होतं. टॉटनम कोर्ट रोडच्या डोमिनियन थिएटरवर फ्रेडीचा प्रचंड पुतळा होता, तो शोधत जाऊ नका. क्वीनच्या गाण्यांवरचं संगीतनाटक २०१४ मध्ये संपलं आणि पुतळा उतरला. तो पुढे रॉजर टेलरच्या बागेत गेला.

ऑक्सफर्ड सर्कसवरून व्हिक्टोरिया लाइननं फिन्सबरी पार्क. सेव्हन सिस्टर्स रोडवरचं रेनबो थिएटर दुसऱ्या खुणेचं. १९३० साली सिनेमागृह म्हणून बांधलेलं, नंतर रॉकचं मोठं ठिकाण, आणि १९९० च्या दशकापासून चर्च. क्वीननं इथे १९७४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये कार्यक्रम केले. ते ध्वनिमुद्रण २०१४ मध्ये बाहेर आलं आणि मला विचाराल तर तरुण फ्रेडीचा आवाज ऐकायला त्याला तोड नाही. खालची पट्टी अजून जाड झालेली नाही, वर जाताना तो कुठेही थांबत नाही. चर्चच्या वेळा बघा, प्रार्थना चालू असेल तर बाहेरूनच परता. दार उघडं असेल तर विनंती करा, टोपी काढून, फोन खिशात ठेवून आत जा. आतल्या दालनात कारंजं आहे आणि सभागृहाचं छत रात्रीच्या आकाशासारखं केलेलं आहे.

केन्सल ग्रीनबद्दल लोक हमखास विचारतात. २७ नोव्हेंबर १९९१ ला तिथल्या दाहिनीत पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी अंत्यसंस्कार झाले, मोजक्या माणसांच्या उपस्थितीत. अस्थी कुठे आहेत हे फक्त मेरी ऑस्टिनला ठाऊक, ही फ्रेडीचीच इच्छा होती. २०१३ मध्ये तिथे फारुख बलसारा नावाची एक लहान पाटी लोकांना दिसली, गर्दी व्हायला लागली आणि पाटी नाहीशी झाली. त्यानं जी जागा गुप्त ठेवायला सांगितली ती आपण शोधायची नाही. मी या ठिकाणाला यादीत धरत नाही.

वेम्बली शेवटी ठेवा. फिन्सबरी पार्कहून ग्रीन पार्क आणि तिथून ज्युबिली लाइननं वेम्बली पार्क. स्टेशनबाहेर पडलं की ऑलिम्पिक वे हा सरळ रुंद रस्ता आणि टोकाला स्टेडियमची १३३ मीटर उंच कमान. १९८५ ला ही कमान नव्हती, दोन पांढरे मनोरे होते. जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी नवं २००७ मध्ये उघडलं. १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या मोठ्या कार्यक्रमात संध्याकाळी सहा एक्केचाळीसला क्वीन मंचावर आले, सुमारे बहात्तर हजार माणसांसमोर, आणि एकवीस मिनिटांत उतरले. पुढच्या वर्षी ११ आणि १२ जुलैला दोन रात्री स्वतःचे कार्यक्रम केले. २० एप्रिल १९९२ ला फ्रेडीच्या स्मरणार्थ जगभरचे गायक इथेच गायले.

ऑलिम्पिक वेच्या सुरुवातीला उभे राहा आणि ती एकवीस मिनिटं पूर्ण ऐका. चालत चालत, न थांबवता. पियानोवरच्या पहिल्या स्वरांपासून चालायला लागा. दुसऱ्या गाण्यातल्या टाळ्या येतात तेव्हा तुम्ही रस्त्यात असता, आणि मग फ्रेडी गाणं थांबवून नुसत्या 'ए-ओ'वर सगळ्या मैदानाला आपल्या मागून गायला लावतो. त्या जागी मीही दरवेळी उत्तर देते, मोठ्यानं. बाजूनं जाणारी माणसं बघतात, काही जण सूर मिसळतात. आपल्याकडे कीर्तनकार धृपद टाकतो आणि मंडप उचलतो, तसं ते आहे. सावकाश चाललात तर शेवटच्या गाण्यापर्यंत स्टेडियमच्या पायऱ्यांशी पोचाल.

आतली सशुल्क फेरी मिळते, खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानाच्या कडेपर्यंत नेतात. सामना किंवा कार्यक्रम असेल त्या दिवशी ती बंद असते आणि स्टेशनवर रांगा लागतात, म्हणून तारीख आधीच तपासा. जेवायला ईलिंग रोडकडे जा, गुजराती खाणावळी आणि फरसाणाची दुकानं भरपूर आहेत.

हाताशी एकच दिवस असेल तर सोहो, रेनबो आणि हाइड पार्क गाळा. सकाळी फेल्टम, दुपारी केन्सिंग्टन आणि लोगन प्लेस, संध्याकाळी वेम्बली. अर्धाच दिवस असेल तर फेल्टम आणि लोगन प्लेस, याच क्रमानं. हीथ्रोवरून रात्रीचं विमान असेल तर मात्र लोगन प्लेस आधी करावं लागेल, कारण फेल्टम विमानतळाच्या वाटेवर पडतं. मग सामान हॉटेलात ठेवू नका, दोनदा उलटं यावं लागतं. मोठ्या रेल्वे स्थानकांवर सामान ठेवायची सोय असते, ती बघा, आणि फेल्टमसाठी उजेडाचा निदान तासभर राखून ठेवा.